बोट घेण्याआधी बोट शिका : न्यू जर्सीतले आठ तास

मेघना_पी

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही चार कुटुंबं हॉपॅटकाँग तलावावर गेलो होतो. एका मित्राची पाँटून बोट होती, म्हणजे खाली ॲल्युमिनियमची दोन लांब नळकांडी आणि वर सोफे टाकलेला सपाट ओटा. दिवस छान गेला. परतताना माझ्या नवऱ्याने चाक हातात घेतलं. "गाडीसारखीच आहे," असं मित्र म्हणाला आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. धक्का पंचवीस-तीस फुटांवर आल्यावर नवऱ्याने थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, मागे ओढला. बोट थांबली नाही. वारा मागून होता, तो आम्हाला पुढे ढकलत राहिला. बोट आपटू नये म्हणून पुढे बसलेल्या मित्राने पाय बाहेर काढला. टनभर वजनाची बोट, तिच्यात अकरा माणसं, आणि धक्क्याच्या मध्ये एक घोटा. हाड दोन ठिकाणी मोडलं. बिचारा थंडी सुरू होईपर्यंत कुबड्यांवर होता.

त्यानंतर आम्ही आणि आणखी एका कुटुंबाने मिळून अठरा फुटी सेकंडहँड बोट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी एकच अट घातली. आधी कोर्स, मग बोट. न्यू जर्सीत मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला सेफ्टी सर्टिफिकेट लागतंच, आणि हॉपॅटकाँगसारख्या गोड्या पाण्याच्या तलावात चालवायची तर ड्रायव्हिंग लायसन्सवर बोटीची वेगळी नोंदही करावी लागते. कोर्स आठ तासांचा असतो. आम्ही दोन संध्याकाळी केला. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे होते, आयुष्य पाण्यावर काढलेले. त्यांनी पहिल्याच दहा मिनिटांत आमची गाडीची सवय मोडायला घेतली.

गाडीचं चाक वळवलं की आधी पुढचं तोंड वळतं आणि मागचा भाग त्याच्यामागून येतो. बोटीत उलटं होतं. ढकलणारा पंखा मागे, वळणही मागूनच. चाक उजवीकडे फिरवलं की बोटीचा पार्श्वभाग डावीकडे झाडला जातो आणि मग तोंड उजवीकडे जातं. धक्क्याला डावी बाजू लागलेली असताना उजवीकडे चाक फिरवून निघायला गेलात तर मागची बाजू धक्क्यावर आपटते. पार्किंगमधून गाडी काढायची सवय इथे नडते. आमच्यासारख्या बोटीत इंजिनाचा जोर काढला की वळणही जातं. म्हणजे घाबरून थ्रॉटल सोडला की बोट पुढे तर जातच राहते, शिवाय तुमचं ऐकेनाशीही होते. नवऱ्याचं त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. वर्गात हे ऐकताना तो माझ्याकडे बघत होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

धक्क्याला लागायचं ते शक्यतो वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध, चालण्याच्या वेगाने, मध्ये मध्ये गिअर न्यूट्रलला आणत. थांबवायला रिव्हर्सचा हलका झटका. फेंडर, म्हणजे धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या बाजूला सोडायच्या उशा, आधीच लटकवलेले. आणि हात-पाय बाहेर काढायचे नाहीत, कोणीही, कधीही. बोटीला चरा पडला तर पडू दे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आमच्या बोटीचं इंजिन आत, झाकणाखाली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं चालवायचा, झाकण उघडून स्वतः वास घ्यायचा, मगच किल्ली. पेट्रोल भरताना सगळ्यांनी उतरायचं. मित्राच्या बोटीवर आम्ही पेट्रोल भरताना मुलांना आत बसवून खाऊ देत होतो, ते आठवून अजून पोटात गोळा येतो.

तुमच्याकडे काय नियम आहेत, तुम्ही कसं शिकलात, लिहा. कोकणातल्या लोकांनी तर नक्की लिहा.

---

दाभोळकरीण

मेघना, लिहिलंस हे फार बरं केलंस. माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य, होते. आमच्याकडे कोर्स नव्हता, पण शिकल्याशिवाय सुकाणूला हातही लावू देत नसत. पोरगा आधी दोन-तीन मोसम नुसता खलाशी. दोर, जाळं, पाणी उपसणं. आजोबा म्हणायचे, आधी पाणी वाचायला शीक, होडी नंतर.

पाणी वाचणं म्हणजे पहिली भरती-ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. हे आम्ही शाळेच्या आधी शिकलो.

दुसरं, खाडीचं तोंड. वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघालेलं आणि समोरून समुद्राचा वारा आत येत असला की त्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात, अगदी भिंतीसारख्या, जवळजवळ. तेच पाणी दोन तासांनी बघाल तर शांत. पाहुणे येतात, त्यांना मधलं शांत पाणी दिसतं आणि वाटतं सगळं असंच असणार. आजोबा तोंडाशी आले की थांबायचे. पाच-दहा लाटा नुसत्या मोजायचे. नाही पटलं तर बाहेरच नांगर टाकून भरती लागायची वाट बघायची, घरी जेवण थांबलेलं असलं तरी.

---

मेघना_पी

दाभोळकरीण, अंगावर काटा आला! आमच्या सरांनी बार्नेगॅट इनलेटबद्दल शब्दशः हेच सांगितलं. आतला उपसागर शांत, बाहेर अटलांटिक, मध्ये चिंचोळं तोंड. ओहोटी बाहेर आणि पूर्वेचा वारा आत, अशा वेळी तिथे अठरा फुटी बोट घेऊन जायचंच नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. तिथीचा हिशोब इकडे चालेल का?

---

कॅप्टन_निवृत्त

मेघनाताई, नाही चालणार. चंद्र सगळीकडे तोच, पण प्रत्येक बंदरात भरती पोचायला लागणारा वेळ वेगळा. पाऊणपटीचा नियम मुंबई-कोकणापुरता. तिकडे त्या जागेचं टाइड टेबल बघा, आणि 'जवळच्या' गावाचं बघू नका, तुम्ही जाणार त्या तोंडाचंच बघा. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर दीड मीटरच्या आसपास फरक असतो. पण चिंचोळ्या तोंडातून तेवढं पाणी निघालं तरी ओढ जबरदस्त असते.

मी व्यापारी जहाजांवर चौतीस वर्षं काढली. छोट्या बोटी चालवणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी पोटतिडकीने सांगतो.

पहिली, रस्त्याचे नियम. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम टँकरला आहेत तसेच तुमच्या अठरा फुटी बोटीलाही आहेत. दोन मोटरबोटी समोरासमोर आल्या तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. भारतात डावीकडून गाडी चालवायची सवय असलेला माणूस ऐन वेळी डावीकडे घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जी बोट तुमच्या उजव्या हाताला आहे तिला तुम्ही वाट द्यायची. आणि तिनेही आपली दिशा व वेग कायम ठेवायचा. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. "जाऊ दे, मीच थांबतो" असा चांगुलपणा पाण्यावर घोटाळा करतो, कारण समोरच्याने तुम्ही सरळ जाणार हे धरूनच वळण घेतलेलं असतं. रात्री यासाठीच दिवे आहेत. प्रत्येक बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. उजवीकडून येणाऱ्या बोटीचा तुम्हाला लाल दिसतो, म्हणजे थांबायचं तुम्ही. समोरचा काय करतोय ते कळेना तर भोंग्याचे पाच छोटे आवाज. त्याचा अर्थ जगभर एकच, तुझा इरादा मला कळत नाही, धोका आहे.

दुसरी, बोये, म्हणजे पाण्यातली वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा. अमेरिकेत शिकून मुंबईत किंवा गोव्यात बोट चालवणाऱ्यांनी आणि उलट करणाऱ्यांनी हे नीट वाचा. समुद्रातून बंदरात येताना अमेरिकेत लाल बोया उजव्या हाताला ठेवतात. भारतात, युरोपात, आफ्रिकेत लाल डाव्या हाताला. जगाचे असे दोन भाग आहेत; दोन्ही अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. इथला सराव तिथे नेलात तर सरळ खडकावर जाल. बोटीवरचे दिवे मात्र जगभर सारखेच, त्यात गल्लत करू नका.

तिसरी, मोठ्या जहाजाच्या पुढ्यात खेळू नका. आम्ही वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभे असतो तेव्हा नाकासमोरचं काहीशे मीटर पाणी आम्हाला दिसतच नाही. भरलेलं जहाज थांबायला मैलाच्या वर अंतर लागतं. जेट स्कीवाली मुलं पुढून आडवी जायची तेव्हा आम्ही वर नुसते हात घट्ट धरून उभे असायचो. ती दुसऱ्या बाजूने बाहेर निघाली की मग श्वास सोडायचा.

---

अभिजित_ह्यूस्टन

सगळ्यांचा आदर आहे, पण मला हे जरा जास्त वाटतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच कोर्सची सक्ती आहे. मी ८६ चा. दहा वर्षं बोट चालवतोय, एक ओरखडा नाही. तारतम्य असलेल्या माणसाला आठ तास वर्गात कशाला बसवायचं? पोहता येतं, गाडी नीट चालवतो, दारू पीत नाही. आणखी काय हवं?

---

खिडकीतला_पाऊस

अभिजित, यूएस कोस्ट गार्ड दर वर्षी आकडेवारी काढतं. २०२३ मध्ये मौजेच्या बोटिंगमध्ये ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी तीन चतुर्थांश जण बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं. चालवणाऱ्याचं प्रशिक्षण किती हे जिथे माहीत होतं, तिथले साधारण चारात तीन मृत्यू प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या बोटीवरचे होते.

एक प्रामाणिकपणे सांगते, या शेवटच्या आकड्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. एकूण बोटवाल्यांपैकी किती जण शिकलेले आहेत ते कळल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. लाइफ जॅकेटचा आकडा मात्र मला पुरेसा बोलका वाटतो.

न्यूयॉर्कमध्ये जन्मसालाप्रमाणे टप्प्याटप्प्याने सक्ती आणली आणि १ जानेवारी २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या सगळ्यांनाच कोर्स लागतो, वय काहीही असो. २००५ मध्ये लाँग आयलंडजवळ बोटींच्या टकरीत अकरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या नावाने तो कायदा आहे, ब्रियानाज लॉ.

---

डॉक्टर_स्वाती

अभिजितच्या "पोहता येतं" या वाक्यापाशी मी थांबले. मी अतिदक्षता विभागात काम करते, म्हणून लिहिते.

अमेरिकेच्या थंड भागात मे महिन्यात हवा पंचवीस अंश असते, लोक टी-शर्टवर बोट काढतात. पाणी तेव्हाही बारा-चौदा अंश असू शकतं. त्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात शरीर आपोआप मोठा श्वास आत ओढतं, तो तुमच्या ताब्यात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. ऑलिंपिकमधला पोहणारा असला तरी. थंड पाण्याबद्दल शिकवताना एक-दहा-एक असं सांगतात : एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि एक तास शुद्ध हरपायला. लोकांना भीती वाटते गारठून मरण्याची. प्रत्यक्षात बहुतेक जण त्या तासापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या अकरा मिनिटांतच जातात, कारण अंगावर तरंगत ठेवणारं काही नसतं. जॅकेट जवळ असून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. एकदा स्विमिंग पूलमध्ये करून बघा.

न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे या काळात एकवीस फुटांखालच्या बोटीत मोठ्यांनाही जॅकेट घालावंच लागतं ते यासाठीच. पेनसिल्व्हेनियात छोट्या बोटी, कनू आणि कयाकसाठी हिवाळ्यात असाच नियम आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांना तर चालत्या बोटीत बाराही महिने.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. बोटीच्या मागच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायला मुलांना आवडतं. इंजिन चालू असेल तर तिथेच कार्बन मोनॉक्साइड साचतो. वास नाही, रंग नाही. मूल पेंगुळलं, डोकं दुखतंय म्हणालं की लोकांना वाटतं ऊन लागलं. आधी इंजिन बंद करा आणि त्याला मोकळ्या हवेत आणा.

---

अभिजित_ह्यूस्टन

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. मुलं मागेच बसतात आमची. धन्यवाद.

कोर्सबद्दल माझं मत अजून तेच आहे, सक्ती नको. पण एक विचारतो : तो किल स्विचचा, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या बटणाचा, लाल दोर खरंच सगळे अंगाला लावतात का? माझा दहा वर्षं डॅशबोर्डवर अडकवलेला आहे.

---

मेघना_पी

लावा, अभिजित. सव्वीस फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत तो कायद्यानेही लावावा लागतो, वेगात असताना. पण कायदा सोडा. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिलं, तर मोकळं सुटलेलं चाक एका बाजूला फिरतं आणि बोट गोल गोल घिरट्या घालत पुन्हा पडलेल्या माणसावर येते. पंखा फिरत असतो. सरांनी आम्हाला त्याचा व्हिडिओ दाखवला, वर्गात कोणी हललं नाही. दोर मनगटाला किंवा जॅकेटला अडकवला की पडताक्षणी तो निघतो आणि इंजिन बंद. एवढंच काम आहे त्याचं.

---

सिमको

मी ओंटारिओत. कॅनडात मोटर असलेली कुठलीही मौजेची बोट चालवायला २००९ पासून सगळ्यांना कार्ड लागतं. परीक्षा ऑनलाइन होते, पन्नास प्रश्न, आणि एकदा पास झालात की कार्ड जन्मभराचं. हे जन्मभराचं मला पटत नाही. मी परीक्षा दिली त्याला बारा वर्षं झाली. मध्ये चार वर्षं बोटीवर पायही ठेवला नव्हता आणि तरी कागदावर मी लायक होतो.

नावावरून कळलं असेल, माझं पाणी लेक सिमको. तलाव मोठा पण उथळ, त्यामुळे वारा उठला की अर्ध्या तासात आखूड, उभ्या लाटा तयार होतात. तीन वर्षांपूर्वी जुलैत दुपारी मध्यावर इंजिन बंद पडलं. पश्चिमेला काळं दिसायला लागलेलं. मी नांगर टाकला आणि बोट ओढली जातच राहिली. कारण दोर छोटा! पाण्याची खोली पाच मीटर असेल तर निदान पस्तीस मीटर दोर सोडावा लागतो, सातपट. नांगर तळाशी आडवा ओढला गेला तर रुततो, वरून उभा ओढला तर उचकटतो. माझ्याकडे पंधरा मीटर होता, तोही गुंतलेला. वाऱ्याने आम्हाला खडकाळ किनाऱ्याकडे न्यायला सुरुवात केली. बायको आणि दोन मुलगे बोटीत. पंचावन्न मिनिटांनी एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांच्या बोटीला बांधून आम्हाला ओढून नेलं. त्यांना आम्ही दिसलो हा निव्वळ योग. कारण आम्ही कुठे जातोय, किती वाजता परतणार, हे घरी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

आता निघताना भावाला मेसेज जातो : कुठून निघालो, कुठवर जाणार, कितीजण, बोटीचा रंग, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. मोठ्या तलावात आणि समुद्रावर व्हीएचएफ रेडिओ ठेवा, मदतीच्या हाकेसाठी चॅनल १६. मोबाइलवर तुम्ही एकालाच सांगता, रेडिओवर आजूबाजूच्या सगळ्या बोटींना ऐकू जातं. बोलताना आधी जागा सांगा. रेडिओ मध्येच बंद पडला तरी तेवढं पोचलेलं असतं.

आणि हो, रॅम्पवरून बोट पाण्यात सोडण्याआधी मागचा ड्रेन प्लग, म्हणजे तळाच्या भोकाचं बूच, लावलाय ना ते बघा. किल्लीलाच दुसरा प्लग बांधून ठेवा.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. इथे जेट स्कीवर बसायला येणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच बसलेले असतात. मेघनाताईंनी लिहिलेली जोर काढला की वळण जातं ही गोष्ट जेट स्कीला सगळ्यात जास्त लागू आहे. तिला सुकाणूच नसतं, मागून सुटणारा पाण्याचा झोत हेच वळण. समोर माणूस दिसला, घाबरून थ्रॉटल सोडला, हँडल कितीही पिळलं तरी ती सरळच जाते. अडथळा चुकवायचा तर थोडा जोर ठेवूनच वळावं लागतं. मनाच्या अगदी उलट. हे सांगून येत नाही, हाताला सवय करावी लागते.

ज्यांना भारतात रीतसर शिकायचंय त्यांच्यासाठी : गोव्यात केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिचं नवं संकुल फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षण, दोन्हींचे कोर्स तिथे होतात. व्यवसाय करणारेच तिथे जातात असा समज आहे. हौसेखातर बोट घेणाऱ्यांनीही जावं असं मला मनापासून वाटतं.

---

रोहितपक्षी

मी इंदापूरचा, दर हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला होडीतून जातो. बोट चालवत नाही, नुसता बसतो. तरी लिहावंसं वाटलं.

२१ मे २०२४ ला आमच्या उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. सहा गेले, एकटा पोहून काठाला आला. धरणाचं पाणी, समुद्र नव्हे, म्हणून माणसं निर्धास्त असतात. वळवाचा वारा सांगून येत नाही असं म्हणतात, पण येतो. त्याआधी हवा एकदम पडते, पश्चिमेला ढग काळवंडतात, धूळ उठते. आमच्या भागातला कुठलाही शेतकरी ते ओळखतो. पाण्यावरच तेवढं कोणी वर बघत नाही.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा माणसं गेली. त्यानंतर जॅकेटची सक्ती कडक झाली. आता मी भिगवणला जॅकेट मागतो तेव्हा पूर्वीसारखं कोणी बघत राहत नाही.

रोहित पक्ष्यांचा थवा उडाला की फोटोसाठी सगळे एका बाजूला उभे राहतात. होडी कलते, नावाडी ओरडतो, लोक पुन्हा तेच करतात. चालवणाऱ्याने निघण्याआधी दोन मिनिटं घेऊन सांगायला हवं आणि बसणाऱ्याने ऐकायला हवं.

---

कॅप्टन_निवृत्त

रोहितपक्षी, अगदी बरोबर. भारताच्या किनाऱ्यावर असाल तर एक नंबर फोनमध्ये ठेवा : १५५४, तटरक्षक दलाचा, टोल-फ्री. देशांतर्गत पाण्यासाठी २०२१ चा नवा कायदा आला, त्याआधी १९१७ चा चालू होता. कायदे येतील. पण उभं राहू नका हे प्रत्येक होडीत कोणीतरी माणसानेच सांगायचं असतं.

---

रेवती_एडिसन

सगळा धागा वाचला. मेघना, माझे आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून येताहेत. आमच्या शेजाऱ्यांची बोट आहे, त्यांनी बोलावलंय. आई सत्तरची, पोहता येत नाही, साडीच नेसते. बाबांचा गुडघा दुखतो. न्यावं की नको? आईला लहानपणापासून पाण्याची हौस आहे, पानशेतला राहिलेली. नाही म्हणवत नाही तिला.

---

मेघना_पी

न्या, नक्की न्या. माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्यावरून सांगते.

जॅकेट मोठ्यांना वजनावर नाही, छातीच्या मापावर घेतात. शेजाऱ्यांकडचं 'सगळ्यांना होतं' म्हणतात ते बारीक अंगाच्या बाईला वर सरकतं आणि हनुवटीशी अडकतं. घालून, सगळे पट्टे ओढून, मागून दोन्ही खांदे वर उचलून बघा. कानापर्यंत आलं तर ते तिचं नाही. फुगणारं घेऊ नका, पोहता न येणाऱ्याला आधीपासून फोम असलेलंच हवं. बोटीवर प्लेट असते, किती माणसं आणि किती वजन ते लिहिलेलं. तो आकडा शांत हवेसाठीचा आहे. शेजाऱ्यांचं कुटुंब आणि तुम्ही मिळून भरत असाल तर दोन फेऱ्या करा.

चढताना धक्का आणि बोट यांच्या मध्ये एक पाय इकडे, एक तिकडे असं कोणी थांबायचं नाही. बाबांना आधी, खाली बसवतच आत घ्या. दोघांना बोटीच्या मध्याच्या मागे बसवा. पुढे टोकाला आपटा जास्त बसतो, लाट आली की कंबरेला झटका बसतो.

---

दाभोळकरीण

रेवती, साडीचं मी सांगते. आमच्या बायका नऊवारी नेसून होडीत जातात, कासोटा असतो म्हणून पाय मोकळे राहतात. पाचवारी साडी पाण्यात पायांना गुंडाळते. सलवार-कमीज घालायला सांग, ओढणी नको. चपला काढून नको, मागे पट्टा असलेल्या घालू दे, डेक ओला असतो.

---

मेघना_पी

अगदी. आणि रेवती, एक राहिलंच. निघण्याआधी शेजाऱ्यांना सांगून आईला तीन गोष्टी हाताने करायला लावा. लाल दोर ओढून इंजिन बंद करणं, तरंगणारी उशी किंवा रिंग कुठे आहे ते काढून फेकणं, आणि फोनवर ९११ लावून तलावाचं नाव सांगणं. चालवणाराच पडला किंवा त्याला चक्कर आली तर बोटीत उरतात ते पाहुणेच. सासूबाईंना हे शिकवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. दोर ओढून इंजिन बंद झालं तेव्हा त्यांनी मला पुन्हा सुरू करायला लावलं आणि पुन्हा एकदा ओढून बघितला.

---

रेवती_एडिसन

आत्ताच आईशी बोलले. छातीचं माप छत्तीस, बाबांचं चाळीस. जॅकेट मीच विकत आणते, शेजाऱ्यांकडे मागत नाही. लाल दोराचं सांगितलं तर विचारलं, "डाव्या हाताला असतो की उजव्या?" शनिवारी शेजाऱ्यांकडे जाऊन बघून येते आणि तिला फोटो पाठवते.